मकेनाचे केस आणि माझी हीट ट्रीटमेंट

माझ्या डोक्यावर जे केस आहेत ते माझेच आहेत. पावती आहे माझ्याकडे.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे केसांचा विषय वारंवार यायचा आहे आणि वाचणाऱ्याच्या मनात किंतु नको. गेली तेरा वर्षं मी विग वापरतो. विग दोन आहेत, म्हणजे होते: एक जुना, तपकिरी झाक आलेला, घरच्या घरी वापरायचा, आणि एक नवा, बाहेर जाताना घालायचा. ही गोष्ट जगात फक्त शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक होती. चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत एकालाही तिचा पत्ता नाही, अशी माझी परवापरवापर्यंत ठाम समजूत होती. माणसाच्या समजुती ठाम असाव्यात. त्यानं मान ताठ राहते, आणि विगवाल्याला मान ताठ ठेवावीच लागते.

तर मकेना. आमची इरा नोकरीसाठी बंगळूरला गेली, तिची खोली रिकामी झाली आणि तिथं मकेना भाड्यानं राहायला आली. मुलगी नैरोबीची. इथं इंजिनिअरिंग केलं आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये नोकरीही मिळवली. भाडेकरू म्हणून आली होती, पण तीन वर्षांत भाडं सोडलं तर भाडेकरूपणाचं काहीच उरलं नव्हतं. संध्याकाळी ती खालच्या मजल्यावर केसरबाईंबरोबर शेंगा फोडत बसायची. केसरबाई म्हणजे आमचे चेअरमन नानासाहेब यांच्या मातोश्री. सोसायटी उभी आहे ती मूळ जमीन त्यांची. "मोडक, तुमची गाडी उभी हाय तिथं आमचा वांग्याचा वाफा हुता," असं त्या मला आठवड्यातून एकदा ऐकवतात आणि मी दर वेळी दिलगिरी व्यक्त करतो.

मकेना मराठी शिकली ती यांच्याकडून. शुभदानं तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मी स्वतः बऱ्यापैकी शुद्ध बोलतो, आणि आमच्याच घरातली मुलगी सकाळी दार उघडून विचारते, "काका, च्या ठिवू का?" केसरबाई मात्र तिला मेनका म्हणतात. तिनं तीनदा दुरुस्त केलं, मग तीही ओ द्यायला लागली.

मकेनाचे केस म्हणजे डोक्याभोवती गोल, दाट, काळाभोर घेर. प्रत्येक केस बारीक वेटोळ्याचा. ओढला की वीतभर लांब होतो, सोडला की जागच्या जागी. मी भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं हीट ट्रीटमेंट खात्यात काढली. स्प्रिंगचं, गिअरचं पोलाद तापवायचं, तेलात बुडवायचं, पुन्हा तापवायचं, हे माझं आयुष्य. अशी अस्सल स्प्रिंग बघितली की मला मनापासून आदर वाटतो. हे मी तिला एकदा बोलूनही दाखवलं. तिनं आभार मानले. शुभदानं मला आतल्या खोलीत बोलावून, मुलींच्या केसांचं असं कौतुक करत नाहीत, हे समजावलं.

एप्रिलमध्ये मकेनाच्या मुक्कामाच्या परवान्याची मुदत संपत आली. मुदत वाढवून मिळाली तर चाकणची नोकरी पक्की, नाही तर बॅग भरून परत. घरमालक म्हणून मला बरोबर जायचं होतं. सोमवारी आम्ही परवान्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीत हिंदुराव नावाचे साहेब होते. त्यांनी सगळे कागद बघितले, सह्या बघितल्या, मग पासपोर्टचा फोटो बघितला, मग मकेनाकडे बघितलं, मग परत फोटोकडे.

"ही बाई येगळी आन् ती बाई येगळी," हिंदुराव म्हणाले.

फोटोतल्या मकेनाचे केस सरळ, खांद्यावर रुळणारे होते. पाच वर्षांपूर्वी फोटोसाठी म्हणून तिच्या आईनं ते पार्लरात तापवून सरळ करून घेतले होते. आठवड्याभरानं धुतले आणि झाले परत गोल.

"साहेब, मी तीच हाय," मकेना म्हणाली. "केस तेवढे धुतलेत."

हिंदुरावांनी चष्मा काढला. "कुठलं गाव तुमचं?"

"चऱ्होली."

"मूळ गाव?"

"नैरोबी."

त्यांनी चष्मा परत घातला. माणूस वाईट नव्हता, पण कागदाच्या बाहेर पाऊल टाकायची त्याला सवय नव्हती. "ताई, उद्या कुनी इचारलं तर म्या काय दाखवू? फोटोत हायेत तसे केस करून या. गुरवारी दुपारी बारापर्यंत. बारानंतर मुदत सरली, मग माझ्या हातात काय बी न्हाई."

रिक्षात मकेना कागद मांडीवर धरून बसली होती. वाटेत मोशी आली तेव्हा म्हणाली, "काका, नोकरी लागली म्हणून आईनं सगळ्या गल्लीला जेवण घातलंय. आता परत गेले तर आई त्या गल्लीतनं चालंल कशी?" मी म्हणालो, "काळजी करू नकोस, मी आहे." हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं आहे, त्या त्या वेळी शुभदाला काळजी वाटली आहे.

संध्याकाळपर्यंत ही बातमी चार मजले चढून गच्चीवर आणि तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. नानासाहेब स्वतः वर आले. "काका, केस सरळ करायची गरजच न्हाई. मी वरनं फोन लावतो," म्हणाले, आणि त्यांनी आमच्यासमोर वर फोन लावला. वरचे साहेब एका लग्नात होते. तिथल्या बँडचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला, साहेबांचा मात्र आला नाही. केसरबाईंचं मत पडलं, "मेनके, वाटीभर खोबऱ्याचं तेल थापायचं आन् चोपून बसवायचं. आमी जलमभर तेच केलं." मकेना म्हणाली, "आज्जी, ते बसायचे न्हाईत." केसरबाईंनी आधी परवानगी विचारली, मग एक बट ओढून सोडली आणि कबूल केलं, "न्हाई बसायचे. लई मानी हायेत."

मंगळवारी शुभदा तिला कोपऱ्यावरच्या तनुजाच्या पार्लरात घेऊन गेली. मीही गेलो, अर्थात दाराबाहेर उभा राहिलो. तनुजा म्हणाली, "केमिकल लावून कायमचे सरळ करून देते. परत बघायला नको."

"न्हाई," मकेना म्हणाली. इतका ठाम नकार मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "एका दिवसापुरते करायचेत. नुसतं तापवून. शुक्रवारी मला माझे मला परत पायजेत."

तनुजा प्रामाणिक मुलगी. "नुसतं तापवून करता येतात, पण असल्या केसांवर माझा हात बसलेला नाही, काकू. जळले बिळले तर मला झोप लागायची नाही," असं म्हणून तिनं केस सरळ करायचं आपलं यंत्र आणि केस जळू नयेत म्हणून लावायच्या तेलकट औषधाची बाटली आम्हाला दिली. यंत्र म्हणजे चिमट्यासारखं; दोन तापत्या पट्ट्यांमध्ये बट धरायची आणि वरून खाली ओढायची.

घरी आल्यावर मकेनानं सगळी कृती सांगितली. केस धुवायचे, अगदी कोरडे करायचे. औषध लावायचं. बोटाएवढी बारीक बट घ्यायची आणि पट्ट्यांमधून एकदाच सावकाश ओढायची. मग मात्र पाणी लागता कामा नये. वाफ नको, घाम नको. थेंब लागला तरी तेवढे केस परत वेटोळे.

"तापमान किती?" मी विचारलं.

"एकशे ऐंशी ते दोनशे."

मी उभाच राहिलो. एकशे ऐंशी ते दोनशे! हे तर आमचं गिअर बुडवून पुन्हा तापवायचं, टेम्परिंगचं तापमान. चौतीस वर्षं मी ज्या आकड्यावर पोट भरलं, तो आकडा निवृत्तीनंतर माझ्या दिवाणखान्यात चालून आला होता. मी कपाट उघडून तापमान मोजायची बंदूक काढली. निरोपसमारंभात खात्यानं मला ती भेट दिली होती. बाकीच्यांना निवृत्तीत घड्याळं मिळतात, मला बंदूक मिळाली, याचा मला अभिमान होता. आजवर फक्त चहावर चालवली होती.

"हे काम माझ्या देखरेखीखाली होईल," मी जाहीर केलं. "आणि ट्रायल पीस घेतल्याशिवाय जॉब भट्टीत जाणार नाही."

मकेना म्हणाली की तिच्याच मागच्या दोन बटांवर बघू. मी ठाम नकार दिला. जॉबचं मटेरियल ट्रायलला वापरणं हा आमच्या खात्यात गुन्हा समजत. ट्रायलला वेगळा तुकडा लागतो, आणि तोही खऱ्या केसांचा. असा तुकडा पिंपरी-चिंचवडमध्ये त्या घडीला कुठं उपलब्ध होता हे फक्त मला ठाऊक होतं. मी आतल्या खोलीत गेलो. खूप विचार केला. इराच्या परीक्षेच्या वेळी वाटली नव्हती एवढी धाकधूक मला मकेनाच्या परवान्याची वाटत होती. नवा विग पेटीतून काढला, घरचा डोक्यावर होताच, आणि बाहेर येऊन शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "हे एक जुनं केसांचं सामान घरात पडून होतं. शंभर टक्के मानवी केस, दुकानदारानं लेखी दिलंय."

शुभदानं तोंडाला पदर लावला. मी यंत्र एकशे ऐंशीवर आणलं, बंदुकीनं खात्री करून घेतली आणि मधलीच एक बट धरली.

शंभर टक्के मानवी केस पट्टीला चिकटले. मग वितळले. मग प्लास्टिकची पिशवी जळते तसा वास घरभर सुटला आणि माझ्या समारंभांच्या विगाला मधोमध रुपयाएवढं टक्कल पडलं. गंमत अशी, की ते नेमकं माझं टक्कल जिथून सुरू झालं होतं तिथंच पडलं. सहा वर्षं मी लग्नाकार्यांत प्लास्टिक घालून हिंडत होतो, या विचारानं मला खुर्चीत बसावं लागलं.

मकेना माझ्याशेजारी येऊन बसली. "काका, वाईट वाटून घिऊ नका. मला पयल्या दिवसापासून म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"विग. आमच्याकडं बाया विग लपवत न्हाईत. उलट इचारत्यात, कुठनं घेतलास म्हणून. तुमचा कुनी इचारला नसता, एवढंच." मग तिनं समजुतीनं सांगितलं, "इरादीदीच्या लग्नाला मी तुमाला नैरोबीचा आणून दीन."

शुभदा स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून बराच वेळ भांडी आपटल्याचे आवाज येत राहिले. हसू दाबायची तिची ती पद्धत आहे. मी पट्टीवरचं प्लास्टिक खरवडत बसलो.

बुधवारी मकेनानं रजा टाकली. सकाळी तिनं केस धुतले, वाळवले, आणि दहा वाजता शुभदानं पहिली बट धरली. मी बंदूक घेऊन शेजारी उभा. "एकशे ब्याऐंशी. ओढ." "एकशे अठ्ठ्याऐंशी. ओढ." बारा बटांनंतर शुभदा म्हणाली, "अहो, तुम्ही 'ओढ' म्हणाला नाहीत तरी मी ओढणारच आहे." त्यानंतर मी मनातल्या मनात म्हणत राहिलो.

घरात वाफेला पूर्ण बंदी होती. कुकर लावला नाही. कूलर बंद. बाहेर चाळीस अंश ऊन, आणि आम्ही तिघं पंख्याखाली चुरमुरे आणि काकडी खात होतो. घाम यायला नको म्हणून मकेना बोलतही नव्हती. पण चार वाजता शेवटची बट झाली, ती आरशासमोर उभी राहिली, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. केस सरळ, चमकदार, खांद्याच्याही खाली. हुबेहूब फोटो. तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे आई काहीतरी मोठ्यानं म्हणाली आणि रडायला लागली. मला त्यांची भाषा येत नाही, पण मलाही भरून आलं. बंदूक मी खिशात ठेवली. आपल्या विद्येचा कुणाला उपयोग झाला की माणूस थोडा वेळ देवासारखा वाटायला लागतो, स्वतःलाच.

आता फक्त दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पाणी लागू द्यायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. ते आधीच ठरलेलं; सगळ्या सोसायटीला आमंत्रण गेलेलं, आंब्याची डाळ वाटून झालेली, पन्ह्याचं पातेलं भरलेलं. रद्द करायचा प्रश्नच नव्हता. शुभदानं दहा वेळा बजावलं, पन्हं सांडू नका, तिच्याजवळ ग्लास नेऊ नका, बर्फ तिकडे ठेवा. केसरबाईंनी मकेनाला स्वतःचं हिरवं लुगडं नेसवून आणलं. बायका एकेक करून तिच्याभोवती गोळा होत होत्या. "मेनके, नजर लागंल गं," म्हणत केसरबाईंनी तिच्या कानामागे काजळ लावलं. मी दाराच्या फटीतून देखरेख करत होतो.

मकेनाची पाळी आली. ती पाटावर बसली. शुभदानं तिला हळद लावली, कुंकू लावलं, हाताला अत्तर लावलं. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं, हसऱ्या चेहऱ्यानं, शेजारची चांदीची गुलाबदाणी उचलून तिच्या डोक्यावर गुलाबपाण्याचा छान, भरघोस सडा शिंपडला.

उजव्या बाजूची पहिली बट वर सरकली. मग दुसरी. मग अख्खी उजवी बाजू आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू गोळा होत कानापर्यंत गेली. डावी मात्र खांद्यावर रुळत होती. शुभदाच्या हातात गुलाबदाणी तशीच, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काकू, रडू नका," मकेना घाईघाईनं मागं सरकली. "ते पाणी डावीकडं लागंल."

ठरलं असं, की एकच बाजू तर आहे. सकाळी सातला सुरू करू, दहाला संपेल. मकेना डाव्या केसांवर रेशमी रुमाल बांधून झोपली. मी शुभदाला म्हणालो, "काळजी करू नकोस, मी आहे." ती कुशीवर वळली.

सकाळी सातला मी यंत्राचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पंखा बंद होता. फ्रिज गप्प होता. गुरुवार!

भोसरीच्या कारखान्यांना रविवारी सुट्टी नसते, गुरुवारी असते, कारण या सगळ्या भागात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारी जाते. चौतीस वर्षं मी गुरुवारी घरी बसलो. माझं लग्न गुरुवारी, इराचं बारसं गुरुवारी. आणि ज्या माणसाच्या हाडामांसात गुरुवार मुरला आहे, त्यानं विजेवर चालणारं काम गुरुवारी सकाळवर ढकललं होतं.

सोसायटीत जनरेटर आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि तळमजल्यावरचा वॉचमनच्या टेबलाजवळचा एक प्लग त्यावर चालतो. मी धावत नानासाहेबांकडे गेलो. ते दात घासत होते. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं, चूळ भरली आणि विचारलं, "काका, नियम सतरा काय म्हणतो?"

नियम सतरा: जनरेटरवर कोणत्याही सभासदाने खाजगी उपकरण चालवू नये, अपवादात्मक परिस्थितीत सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करावा. हा नियम मी लिहिला होता. सेक्रेटरी मीच होतो. दोन वर्षांपूर्वी नानासाहेबांनी जनरेटरवर मिक्सर लावला तेव्हा मी तो त्यांना जाहीर सभेत वाचून दाखवला होता. तेव्हापासून ते या गुरुवारची वाट बघत असणार. मी त्यांच्या जिन्यात बसून मला उद्देशून अर्ज लिहिला, मला विनंती केली, मंजुरीची सही केली आणि तो अर्ज नानासाहेबांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "छान लिवलाय," म्हणाले आणि जनरेटर सुरू केला.

वॉचमनच्या खुर्चीत मकेना, मागे शुभदा, शेजारी बंदूक घेऊन मी. ऑफिसला निघालेला प्रत्येक माणूस थांबून सल्ला देऊन जात होता. एकानं बटा मोठ्या घ्यायला सांगितल्या, एकानं लहान. एकानं शॉक लागू नये म्हणून शुभदाला चप्पल घालायला सांगितलं आणि त्या नादात मुलाची शाळेची बस चुकवली. केसरबाई पदरानं वारा घालत होत्या. उजवीकडच्या एकूण बटांपैकी तिसरा हिस्सा झाला आणि जनरेटरनं आचका दिला. डिझेल संपलं, आणि घड्याळात दहा वाजत आले होते. डिझेलचा साठा पाच लिटरच्या वर ठेवू नये, हा नियम अठरा. तोही माझाच.

शुभदानं हातातली बट सोडली. मी मकेनासमोर उभा राहिलो. गेल्या चार दिवसांत मी तिला चार वेळा धीर दिला होता, आणि आता द्यायला काहीच शिल्लक नव्हतं. "मला माफ कर," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि रुमाल बांधला. "चला तर, काका. फोटो अर्धा तरी जुळतोय."

नानासाहेबांनी गाडी काढली. "एसी फुल ठिवतो, घाम येनार न्हाई," म्हणाले. नियम सतराचा हिशेब त्यांच्या लेखी तिथं मिटला असावा.

रांगेत तासभर उभं राहून पावणेबाराला आम्ही खिडकीपाशी पोहोचलो. मकेनानं रुमाल सोडला. हिंदुरावांनी फोटो उचलून तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. एका फाईलनं आधी तिची उजवी बाजू झाकली, मग डावी.

"डावीकडनं जुळतंय," ते म्हणाले. "उजवीकडनं न्हाई. अर्ध्या बाईला मी शिक्का कसा देऊ, ताई?"

"साहेब, गुलाबपानी पडलं," मकेना म्हणाली आणि तिनं उजवीकडचे केस हातानं खाली ओढून धरले.

"घरमालकाचं आधार द्या, तवर ते बघतो." मी कार्ड दिलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. कार्डावरच्या फोटोत माझ्या डोक्यावर घरचाच विग होता, तेव्हा नवा होता तो. हिंदुराव समाधानानं म्हणाले, "हे बघा, याला म्हणत्यात जुळणं. तुमचं कसं एक नंबर जुळतंय."

माझ्यामागे पंधरावीस माणसांची रांग होती. वर पंखा फिरत होता. घड्याळात बाराला आठ मिनिटं कमी होती. मला तेरा वर्षं आठवली. उन्हाळ्यातली खाज, पावसात छत्रीची घाई, नातेवाइकांच्या लग्नात खाली वाकून पाया पडताना दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवणं. मी दोन्ही हात वर केले आणि विग काढून खिडकीच्या कट्ट्यावर, आधार कार्डाच्या शेजारी ठेवला.

रांग दोन पावलं पुढं सरकली.

"आता सांगा, साहेब," मी म्हणालो. आवाज मला हवा होता तेवढा भारदस्त निघाला नाही. "मी हरिहर मोडक आहे की नाही?"

हिंदुराव विगाकडे बघत होते. "तुमीच की."

"कशावरून? केस तर जुळत नाहीत."

"अवो, केसाचं काय घिऊन बसलात? नाक हाय, कान हायेत, डोळे हायेत, त्याच्यावरनं…" आणि ते थांबले.

"मग हिचंही नाक बघा. कान बघा. डोळे बघा. माझ्या डोक्यावर प्लास्टिक होतं ते तुम्हाला एक नंबर जुळलं. हिच्या डोक्यावर हिचे स्वतःचे आहेत, जन्मापासूनचे. ते तुम्हाला जुळत नाहीत."

मागून नानासाहेबांचा आवाज आला. "लई वर्सांनी काढलात, काका. बरं झालं."

मी गर्रकन वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या सोसायटीला म्हाईत हाय. मीटिंगमदी तुमी पंख्याखाली कधी बसला न्हाईत."

हिंदुरावांनी फोटो परत उचलला. या खेपेला त्यांनी अंगठ्यानं फोटोतले केस झाकले आणि नुसता चेहरा बघितला. मग मकेनाला म्हणाले, "ताई, जरा कान दिसू द्या." तिनं दोन्ही बाजूचे केस मागं धरले. त्यांनी फोटो बघितला, तिला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग खण उघडून शिक्का काढला आणि मारला. त्या शिक्क्याचा आवाज भोसरीतल्या कुठल्याही हातोड्यापेक्षा मला गोड वाटला. बाराला चार मिनिटं होती.

"तीच हाय," हिंदुराव म्हणाले. "आता रेकॉर्डला नवा फोटो घिऊ, म्हणजे फुडच्या वर्षी कुनाला तरास नको. असं बसा इथं."

"साहेब, दोन मिनटं," मकेना म्हणाली आणि बाहेरच्या नळाकडे धावली.

आदल्या दिवसापासून ज्या पाण्यापासून आम्ही तिला जपलं होतं, ते तिनं ओंजळी भरभरून डाव्या बाजूला थापलं. परत आली तेव्हा सगळे केस वर गेले होते, गोल, दाट, थेंब निथळणारे. शुक्रवार तिनं एक दिवस आधीच आणला. ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि हसली. हिंदुराव म्हणाले, "हसायचं नसतं फोटोत." मग स्वतःच म्हणाले, "राहू द्या."

निघताना त्यांनी माझा विग दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला. "काका, तुमचं आधार तेवढं बदलून घ्या. आता जुळत न्हाई." मी बरं म्हणालो आणि विग खिशात, बंदुकीशेजारी ठेवला.

परत येताना नानासाहेबांनी एसी लावला, पण मकेनानं दोन्ही खिडक्या खाली केल्या. चऱ्होलीच्या रस्त्याला लागलो तसं वारं आत आलं. तिचे ओले केस वाळत होते. माझ्या डोक्याला तेरा वर्षांत पहिल्यांदा वारं लागत होतं, आणि मी डोळे मिटून बसलो होतो.

"काका," तिनं मागून विचारलं, "गार वाटतंय का?"

"व्हय," मी म्हणालो.